मागाहून सादर

गयाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी उदगीरच्या बाजारात अंबाडीची जुडी निवडत उभा होतो. फोन त्यांच्या मुलाचा, भीमरावचा. "साहेब, आई गेली," एवढंच बोलला. भाजीवालीने "घ्यायची का न्हाई, भाई?" म्हणून दोनदा विचारलं. मी जुडी तिच्या टोपलीत परत ठेवली आणि शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. मला साहेब म्हणणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. निवृत्त ग्रामसेवकाला साहेब म्हणणार कोण? गयाबाई म्हणायच्या, अगदी शेवटपर्यंत. पण त्यांच्या तोंडी त्या शब्दात मान कमी आणि चिमटा जास्त असायचा. तरुणपणी माझ्या हातून एक चूक झाली होती. ती त्यांनी मला निस्तरायला लावली आणि निस्तरून झाल्यावरही साहेब म्हणायचं सोडलं नाही, न जाणो मी पुन्हा साहेबासारखा वागलो तर.

गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांची मुलंनातवंडं आजही त्याच विहिरीवर एकमेकांना भेटतात, आणि त्यांना वर्तमानपत्रातून भांडायला लावण्याची माझी इच्छा नाही. औशाच्या बाजूचं गाव, सडकेपासून आत चालत जायचं. बहात्तरच्या दुष्काळात माझी पहिली नेमणूक तिथे झाली. अब्बा उदगीरला कपडे शिवायचे. आमच्या घरात सरकारी नोकरी लागलेला मी पहिला. अब्बांनी स्वतः शिवलेले दोन पांढरे शर्ट आणि एक पत्र्याची पेटी घेऊन मी गावात उतरलो तेव्हा नदीच्या वाळूत बायका वाट्यांनी पाणी निपटत होत्या. बाबाराव मालकांनी मला त्यांच्या घराच्या पुढच्या अंगाची खोली राहायला दिली. भाडं घेतलं नाही, दोन्ही वेळचं ताट खोलीवर यायचं. ताट वेगळं ठेवलेलं असायचं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पण त्या वर्षी ताटात ज्वारीची भाकरी असणं हीच एवढी मोठी गोष्ट होती की ताट कुठलं, हे बघायला मला फुरसत नव्हती. बाकी गाव रेशनवरची परदेशी लाल मिलो खात होतं, तेही मिळेल त्या दिवशी.

मालक वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. गावात सगळ्यात जास्त जमीन त्यांची, सरपंच कुणीही असला तरी ग्रामपंचायत त्यांच्या ओट्यावर भरायची, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्यांनाही नाही. दुष्काळी कामातून गावाला सार्वजनिक विहीर मंजूर झाली आणि जागेचा प्रश्न निघाला, तेव्हा पाणी लागेल अशी जागा एकच होती, मालकांच्या रानात, गावाला लागून. पारावर बैठक झाली. मालक उठले, मारुतीपुढे नारळ फोडला आणि म्हणाले, "जागा दिली. माझी जबान हाय. समद्यांनी भरावं पानी, कुनाला आडवनार न्हाई." म्हातारी माणसं डोळे पुसायला लागली. बौद्धवाड्यातली माणसं जरा लांब, लिंबाखाली बसली होती, त्यांच्यातही हालचाल झाली, कारण 'समद्यांनी' हा शब्द मालकांनी मुद्दाम त्यांच्याकडे बघून उच्चारला होता.

आता माझं काम. नियम साधा होता : जागा देणाऱ्याकडून बक्षीसपत्र करून घ्यायचं, त्याची नोंदणी करायची, सातबाऱ्यावर फेर ओढून घ्यायचा, मगच काम सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोरा कागद घेऊन मालकांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी चहा मागवला. चहा पिऊन झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि मी तो कागद तसाच घडी घालून खिशात ठेवून परत आलो. ज्या माणसाने मारुतीपुढे शब्द दिला, ज्याच्या घरचं आपण दोन वेळा जेवतो, त्याला 'लिहून द्या' म्हणायचं कसं? गावात ते म्हणणं म्हणजे तोंडावर बेइमान म्हणण्यासारखं होतं. मी प्रस्तावाबरोबरच्या पत्रात एक ओळ घातली : 'बक्षीसपत्र मागाहून सादर करण्यात येईल.' वरच्यांनाही घाई होती, लोकांच्या हाताला काम हवं होतं. ती ओळ वाचून कुणी अडवलं नाही, आणि काम सुरू झालं.

गयाबाई मला तिथे, विहिरीच्या कामावर भेटल्या. बौद्धवाड्यातली, तिशी ओलांडलेली, सडपातळ, डोक्याला चुंबळ. नवरा मजुरीला हैदराबादेकडे गेलेला, लहानगा भीमराव आजीजवळ. बायकांच्या टोळीने त्यांना आपणहून पुढे केलेलं होतं, कारण हजेरी घ्यायला मी पट उघडला की त्या शेजारी येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "वाचा. मोठ्यानं." स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण अंगठा उठवायच्या आधी प्रत्येक नाव मोठ्याने वाचलं गेलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. सुरुवातीला मला राग यायचा. म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? त्या म्हणाल्या, "इस्वास हाय म्हून तर ऐकून राहिलो. नसता तर दुसऱ्याला वाचाया लावलं असतं." त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं मी जिथे जिथे ग्रामसभेचा वृत्तांत वाचला, तिथे आवाज जरा चढवूनच वाचला.

एकदा मजुरांना खायला सुकडी वाटताना मी जरा भाषणाच्या सुरात म्हणालो होतो की सरकारने तुम्हाला विहीर दिली आहे, नीट जपा. गयाबाई पाटी उतरवून उभ्या राहिल्या. "दिली कुटं, साहेब? आमीच खांदून राहिलो न्हवं." बाकीच्या बाया हसल्या, पण त्या हसत नव्हत्या. तेव्हा मला तो टोमणा वाटला. पुढे कळलं की ती त्यांची भूमिका होती आणि गावात तशी भूमिका असलेली त्या एकट्याच होत्या. गावाची बोलायची रीत वेगळी. रस्ता सरपंचाने आणला, वीज आमदाराने आणली, शाळेची खोली अमक्या गुरुजीने आणली. कुणीतरी मोठा माणूस कुठून तरी गाडीत घालून आणतो आणि आपण मान खाली घालून घ्यायची, म्हणजे विकास. ज्यांच्या तळहातांना फोड आले होते तीच माणसं म्हणायची, विहीर मालकांनी आणली. मी स्वतः माझ्या अहवालात 'श्री. बाबाराव यांच्या प्रयत्नाने' असंच लिहिलं होतं. अहवालाची ती भाषाच होती, आणि मला दुसरी येत नव्हती.

चार परस, म्हणजे चार माणसांच्या उंचीइतकं, खाली गेल्यावर सुरुंगाच्या एका बाराला पाणी लागलं. गढूळ, खडूसारखं पांढरट पाणी. पुरुष वरून वाकून बघत राहिले आणि बाया पायऱ्या उतरून खाली गेल्या. गयाबाईंनी ओंजळ भरली, प्यायल्या नाहीत, तोंडावर मारली. त्या दिवसापासून सगळं गाव तिथे पाणी भरू लागलं, आणि बौद्धवाड्यातल्या बायांना दुसऱ्याने वरून पाणी ओतायची वाट बघावी लागली नाही. पहिल्या आठवड्यात दोन-तीन म्हाताऱ्या कुरकुरल्या. पण मालकांची जबान होती, त्यामुळे कुरकुर तिथेच थांबली. म्हणून म्हणतो, माणूस वाईट नव्हता.

मालकांची हौस एकच, नाव. औशाहून त्यांनी एक फरशीसारखी घडीव शिळा आणवली, हातभर रुंद, अडीच हात उंच, आणि त्यावर कोरून घेतलं : 'सार्वजनिक विहीर. जागा देणार'... आणि खाली त्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट, वरच्या अक्षरांच्या दुप्पट मोठं. विहिरीच्या काठाशी शिळा उभी केली तेव्हा गयाबाईंनी मला सवयीप्रमाणे सांगितलं, "वाचा." मी वाचलं. त्या म्हणाल्या, "आन् खांदनारं कोन, ते न्हाई लिवलं?" मालक तिथेच होते. त्यांनी मिशीतल्या मिशीत हसून विचारलं, "अगं गये, येवढी नावं मावतील का दगडात?" गयाबाई म्हणाल्या, "मावत्याल की, मालक. दगुड मोठा आनायचा." सगळे हसले, मालकही हसले. तो विषय तिथेच संपला असं सगळ्यांना वाटलं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, आणि पाठोपाठ माझी बदली निलंग्याच्या बाजूला झाली. नवं गाव, नवे कागद, मग लग्न... ते गाव मी जवळजवळ विसरलो. दोन-तीन वर्षं गेली असतील. एका दुपारी ग्रामपंचायतीच्या पायरीवर गयाबाई बसलेल्या दिसल्या. एसटीने, मग पायी, विचारत विचारत आल्या होत्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "साहेब, विहिरीचा कागद कुटं हाय?" मालकांचा मुलगा माधवराव आता कारभार बघत होता. गावात वीज आली होती. त्याने विहिरीवर मोटार बसवली होती आणि ऊस लावला होता. मोटारीचा पाया घालायला शिळा आड येत होती, ती उपटून टाकली. मोटार चालू असेपर्यंत बाया घागरी घेऊन बसून राहायच्या, आणि उन्हाळ्यात तर तळाचा गाळच वाट्याला यायचा. कुणी काही बोललं तर माधवराव सातबारा दाखवायचा. सातबाऱ्यावर विहीर त्यांच्याच रानात होती. आणि गाव काय म्हणत होतं? गाव म्हणत होतं, त्यांचीच तर विहीर, त्यांनीच आणली, इतकी वर्षं भरू दिलं हेच उपकार.

मी खोटं बोलू शकलो असतो. कागद वर पाठवला, हरवला असेल, असं म्हटलं असतं तर त्यांना ते खरंच वाटलं असतं. पण त्या बाईपुढे जमेना. म्हणालो, "गयामावशी, कागद केलाच नाही. मागायची लाज वाटली." रागावतील असं वाटलं, रडतील असंही वाटलं. त्या म्हणाल्या, "बाजारात माळवं इसरावं तसा कागद इसरलात व्हय?" आणि मग, "न्हाई इसरला तुमी. तुमी तर त्यांच्या घरी जेवत हुता." मी मान खाली घातली. त्यांनी पदराची गाठ सोडली, आत भाकरीचा तुकडा होता, तो मोडून अर्धा माझ्या पुढ्यात ठेवला. "खावा. आता माझं खाल्लंत. आता माझा अर्ज लिवा." तो अर्ज मी त्यांच्या समोर लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला.

त्या अर्जाचा प्रवास सांगत बसलो तर पुरवणी पुरणार नाही. आमचा जिल्हा तेव्हा उस्मानाबाद. गयाबाई पहाटे निघायच्या, औशाला गाडी बदलायच्या, दुपारी तिथे पोहोचायच्या आणि साहेब दौऱ्यावर असले की स्टँडवर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. वर्षातून दोन-तीन फेऱ्या. नवरा परत आला होता, तो म्हणायचा, आपल्या वाड्यात हापसा मागू, त्यांचं ते त्यांना राहू दे. गयाबाईंना ते मान्य नव्हतं. हापसा मिळाला तर पाणी मिळेल, पण मग गावाचं पाणी पुन्हा दोन ठिकाणी होईल, आणि विहीर कायमची गेली, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. सत्तेबद्दल मी पुढे बरीच प्रशिक्षणं घेतली, पण एवढं नेमकं कुणी शिकवलं नाही.

मग लातूर जिल्हा झाला. गावागावांत गुलाल, पेढे, हलग्या. गयाबाईंच्या गावातही कमान उभी राहिली, जिल्हा कुणी आणला याच्या चर्चा झडल्या. मी त्या सुमारास त्यांना भेटायला गेलो होतो. विचारलं, मावशी, कसं वाटतंय? म्हणाल्या, "लई झ्याक. सकाळी जायचं, शेळीची धार काढायच्या टायमाला घरी." त्यांच्या लेखी नव्या जिल्ह्याचा अर्थ तेवढा होता, आणि खरं सांगायचं तर तोच खरा अर्थ होता. त्या दिवशी त्यांच्या दारात मी धुण्याच्या दगडावर उभा राहून पाय धुतले, दगडाच्या कडेला टेकून चहा प्यायलो. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे त्याची मला फार लाज वाटली.

झालं असं की जिल्हे वेगळे होताना गावोगावचे कागदांचे बस्ते इकडून तिकडे गेले, आणि त्या येण्याजाण्यात गयाबाईंचा अर्ज कुठे पडला ते कुणालाच सांगता येईना. जुन्या ठिकाणी म्हणायचे तिकडे पाठवला, नव्या ठिकाणी म्हणायचे आलाच नाही. मी चिडलो, हताश झालो, त्यांना म्हणालोही की आता पुरे करा. त्या नव्या कचेरीच्या व्हरांड्यात लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांच्या ढिगाकडे बघत बसल्या होत्या. "ह्यात आपली विहीर कंची, ते त्या गठ्ठ्यांला बी ठावं नसंल," म्हणाल्या. मग उठल्या. "नवा जिल्हा हाय, तर नवा अर्ज. लिवा." मी लिहिला. या वेळी त्यांनी एक ओळ स्वतः सांगून घातली : साहेबांनी गावात येऊन डोळ्यांनी बघावं.

आणि साहेब आले. नवा, तरुण अधिकारी. कुणाच्या घरी चहा घ्यायचा असतो हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. पंचनाम्याला साक्षीदार म्हणून मलाही बोलावणं आलं. कबूल करायचं म्हणजे नोकरीवर डाग, कदाचित चौकशी. घरात लहान मुली होत्या. पारावर गाव जमलं होतं, तेच ते पार, तोच मारुती. अधिकाऱ्याने विचारलं, बक्षीसपत्र का घेतलं नाही? मी गयाबाईंकडे पाहिलं. त्यांनी काहीच खूण केली नाही. मी म्हणालो, "मी मालकांच्या घरी राहत होतो, जेवत होतो. मागायची लाज वाटली. चूक माझी." त्याने ते तसंच लिहून घेतलं. माधवराव लगेच म्हणाला, "बगा, साहेब, कागदच न्हाई. दिलीच न्हाई जमीन, तर कागद कुटून आसंल?" ज्यांनी नारळ फुटताना डोळे पुसले होते, त्यांच्यातलंही कुणी साक्षीला उठलं नाही. मला वाटलं, संपलं.

गयाबाई म्हणाल्या, "साहेब, माझ्या दारापोत चला." सगळे निघाले. दारात पोहोचल्यावर त्यांनी चार बायांना हाक मारली. त्यातल्या तिघी जुन्या टोळीतल्याच होत्या. चौघींनी मिळून तो धुण्याचा दगड उचलला आणि उलटा केला. खालच्या अंगाला ओली माती, गांडुळं, साबणाचा पांढरा थर... आणि अक्षरं. गयाबाईंनी बाभळीच्या काडीने एकेक अक्षर कोरून मोकळं केलं. 'सार्वजनिक विहीर. जागा देणार'... माधवरावाने उपटून बांधावर टाकलेली शिळा त्यांनी बायांकडून घरी आणवली होती आणि अक्षरं झिजू नयेत म्हणून पालथी घालून सात-आठ वर्षं तिच्यावर धुणं आपटलं होतं. मी तिच्यावर पाय धुतले होते. "मला का नाही सांगितलं?" मी नंतर विचारलं. म्हणाल्या, "दाखवला असता तर ग्येला असता. बघाया मानूस याया पायजे, मग दगुड."

अधिकारी म्हणाला, याला पुरावा म्हणता येईल, पण देणाऱ्याचा जबाब लागेल. मालक हयात होते. डोळे अधू झालेले, ओट्यावर बाजेवर बसून असायचे. मुलापुढे त्यांचं काही चालत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. शिळा बायांनी तिथवर उचलून नेली. माधवराव बाजेच्या उशाशी जाऊन उभा राहिला. गयाबाई खाली, अंगणात. त्यांनी आवाज चढवला नाही. "मालक, तुमचं नाव हाय ह्या दगडावर. ठिवायचं का पुसायचं, तेवढं सांगा. पुसायचं म्हनाल तर मी पाथरवट आनते." मालकांनी हात पुढे केला. बायांनी शिळा जवळ नेली. त्यांची बोटं अक्षरांवरून फिरली, आधी स्वतःच्या नावावरून, मग वडिलांच्या नावावरून, तिथे थांबली. "बाबा, तुमी बोलू नका," माधवराव म्हणाला. मालक म्हणाले, "नाव माझं हाय. माझ्या बापाचं हाय. दिलेली हाय जागा." आणि मग माझ्या दिशेला तोंड करून, "ग्रामसेवक, तवाच कागद का न्हाई आनला रे? केला असता मी." मला आजही तो प्रश्न ऐकू येतो. त्यांनी खरंच केला असता का? ठाऊक नाही. मी विचारलंच नव्हतं.

परत येताना मी गयाबाईंना म्हणालो, तुम्हाला खात्री होती? त्या म्हणाल्या, "त्यांला पानी सोडवंना, पर नाव त्याहून सोडवंना. मी लई वर्सं त्यांच्या रानात राबले, साहेब. मला ठावं हाय त्यांला काय लागतं ते." महिनाभरात बक्षीसपत्राची नोंदणी झाली, सातबाऱ्यावर फेर पडला, मोटार निघाली. सोबतचं पत्र मी स्वतः लिहिलं. मी तेव्हा त्या गावचा नव्हतो, तरी हट्टाने लिहिलं : 'पूर्वीच्या पत्रात मागाहून सादर करण्यात येईल असे कळविलेले बक्षीसपत्र सोबत सादर.' माझ्यावर एक ताशेरा आला, एक वेतनवाढ थांबली. त्याचं दुःख झालं नाही, असं म्हणणार नाही, झालं. पण झोप चांगली लागली. बक्षीसपत्राची एक नक्कल गयाबाईंनी मला घरी ठेवायला लावली. "माझ्या घरात उंदरं लई," म्हणाल्या.

शिळा पुन्हा विहिरीकाठी उभी राहिली. पुढच्या बाजूने मालकांचं नाव, मागची बाजू धुणं आपटून आपटून गुळगुळीत. आणि गाव लगेच म्हणायला लागलं, गयाबाईने विहीर आणली. त्या संतापायच्या. "म्या काय डोक्यावर आनली? खांदली की समद्यांनी." पुढे एकदा ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या, चांगल्या सपाटून पडल्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. तिथे जाऊन नव्या ग्रामसेवकाला म्हणाल्या, "वाचा. मोठ्यानं." त्या बिचाऱ्याने माझ्याकडे तक्रार केली होती.

एक गोष्ट मात्र मला कधी उमगली नव्हती. दगड गेल्यावर त्यांच्या दारातली ती जागा मोकळीच राहिली. चार विटांची चौकट, मध्ये काही नाही. भीमराव कमावता झाला, घराला स्लॅब पडला, दारात फरशी आली, पण ती चौकट तशीच. धुणं त्या शेजारी एका ओबडधोबड धोंड्यावर धुवायच्या. मी चेष्टा करायचो, मावशी, एवढा काय त्या जागेचा मोह? त्या हातातलं धुणं पिळत राहायच्या.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. का कोण जाणे, सकाळी निघताना पेटी उघडून ती नक्कल पिशवीत टाकली. गावात शिरताना विहिरीकडे पाहिलं तर नव्या नळयोजनेचं काम सुरू होतं, काठाचं बांधकाम पाडलेलं, खडी-सिमेंटचे ढीग, लोखंडी पाइप. शिळा जागेवर नव्हती. कामावरच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, "काय की. योजना माधवरावांच्या पोरानं आनली, त्यांलाच इचारा." तेच... आणली. चाळीस वर्षांत शब्द तसूभरही हलला नव्हता.

गयाबाईंच्या घरी वंदना झाली, माणसं जेवून पांगली. मी दारात आलो आणि थबकलो. विटांच्या चौकटीत दगड होता. पालथा. भीमरावची बायको सुनीता त्यावर जेवणावळीची ताटपुसणी आपटत होती. माझी नजर बघून ती थांबली. "खडीत फेकून दिला हुता, साहेब, आत्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी. आमी बाया जाऊन आनला. आत्या म्हनायच्या, जागा मोकळी ठिव, परत कुनी काडला तर आनून घालाया पायजे." आत्या म्हणजे सासू. तिने तोंडावर आलेले केस मनगटाने मागे सारले. "काम झालं की जाग्यावर बसवू. न्हाई बसवू दिलं तर हाय की हितं. आमाला काय घाई न्हाई." तिच्यामागे पाच-सहा बाया भांडी घासत होत्या. त्यांचे हात थांबले होते.

"साहेब," सुनीता म्हणाली, "कागद हाय न्हवं तुमच्यापाशी?"

"हाय," मी म्हणालो आणि पिशवीत हात घातला.

तिने हात पदराला पुसले, कागद घेतला, उलटसुलट बघितला. सुनीता बारावी शिकलेली आहे, तिला वाचता येतं. तरी तिने तो माझ्या हातात परत दिला.

"वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं."

मी चष्मा लावला आणि त्या दगडाशेजारी उभा राहून वाचायला लागलो.